कोंबडीच्या पेशी ३४ वर्षं जगवणारे डॉक्टर, आणि त्यांच्या हातून निसटलेलं रक्तातलं एक प्रथिन

१९१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा कण काढून काचेत ठेवण्यात आला. ठेवणारे डॉक्टर १९४४ मध्ये वारले. त्या कणापासून वाढवलेल्या पेशी मात्र १९४६ पर्यंत जिवंत होत्या.

कोंबडी जगते ती पाच-दहा वर्षं. मग तिच्या पेशी ३४ वर्षं कशा जगल्या?

त्या डॉक्टरांचं नाव अ‍ॅलेक्सिस कॅरेल. शस्त्रक्रियेतल्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं होतं. पेशी मुळातच अमर असतात, फक्त त्यांना नीट खायला घालायला हवं, असं त्यांनी जगाला सांगितलं आणि जगानं जवळपास पन्नास वर्षं ते मानलं. पुढे त्यातलं अर्धं खोटं निघालं आणि अर्धं खरं. खऱ्या अर्ध्यामागे रक्तातलं एक प्रथिन होतं, ट्रान्सफरिन. हिमोग्लोबिन कमी आल्यावर डॉक्टर जी आयर्नची तपासणी लिहून देतात, तिच्या रिपोर्टमध्ये हे नाव हमखास दिसतं.

कॅरेल यांच्या हातात हे प्रथिन आयुष्यभर होतं, पण ते त्यांना कधी ओळखता आलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

राष्ट्राध्यक्षाचा खून आणि भरतकामाची शिकवणी

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ चा, फ्रान्समधल्या लिऑन शहराजवळचा. घरात कापडाचा व्यवसाय होता. वडील लवकर गेले आणि आईनं मुलांना वाढवलं. पुढे कॅरेल लिऑनमध्येच डॉक्टरकी शिकायला लागले.

जून १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिऑनला आले होते. तिथे एका इटालियन अराजकवाद्यानं त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. शहरातले नामांकित सर्जन जमले, पण कार्नो वाचले नाहीत. कारण साधं होतं. तुटलेली रक्तवाहिनी खात्रीनं शिवायची कशी, हे तेव्हा कुणालाच येत नव्हतं. टाका घातला की आत रक्ताची गुठळी व्हायची, नाहीतर शीर गळत राहायची.

तेव्हा २० वर्षांच्या असलेल्या कॅरेल यांच्या मनात ही गोष्ट रुतून बसली. रक्तवाहिनी शिवता आलीच पाहिजे, असं ठरवून ते शिकवणीला गेले ते लिऑनमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे. रेशमाच्या कापडासाठी हे शहर प्रसिद्ध होतं आणि तिथल्या बायकांच्या हातात सर्जनपेक्षा बारीक टाका होता. कॅरेल यांनी केसासारख्या सुया आणि व्हॅसलीन लावलेला रेशमी धागा वापरून सराव सुरू केला.

१९०२ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीची दोन टोकं समोरासमोर आणायची आणि सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे. ते तीन धागे ताणले की गोल तोंडाचा त्रिकोण होतो. मग त्रिकोणाची एकेक बाजू सरळ रेषेत शिवत जायची. गोल शिवण्यापेक्षा सरळ शिवणं सोपं, एवढीच ती युक्ती. पुढच्या काळातल्या अवयव प्रत्यारोपणाचा पाया यातूनच घातला गेला.

चमत्कार पाहिला आणि नोकरीची वाट बंद झाली

त्याच वर्षी कॅरेल रुग्णांच्या एका रेल्वेगाडीबरोबर लुर्द या तीर्थक्षेत्री गेले. तिथे क्षयानं मरणाच्या दारात असलेली एक तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत बरी झाली. कॅरेल यांनी पाहिलं ते सांगितलं. डॉक्टर मंडळींना ते भोळसट वाटले, तर धार्मिक मंडळींना संशयी. लिऑनमध्ये आपल्याला बढती मिळणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि १९०४ मध्ये ते देश सोडून कॅनडाला निघून गेले.

तिथून ते शिकागोला आले. चार्ल्स गथ्री यांच्यासोबत त्यांनी कुत्र्यांवर रक्तवाहिन्या जोडण्याचे आणि मूत्रपिंड बसवण्याचे प्रयोग केले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटनं त्यांना बोलावून घेतलं.

१९०८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका सर्जनची काही दिवसांची मुलगी रक्तस्रावानं मरायला टेकली होती. रक्त गोठू न देणारं औषध तेव्हा हाताशी नव्हतं, त्यामुळे रक्त बाटलीत घेऊन देण्याची सोय नव्हती. कॅरेल यांनी बापाच्या हाताची धमनी थेट लेकीच्या पायाच्या शिरेला शिवली. बापाचं रक्त लेकीच्या अंगात गेलं आणि ती वाचली.

१९१२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, रक्तवाहिन्या जोडण्याच्या आणि अवयव बसवण्याच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकाला मिळालेलं वैद्यकशास्त्रातलं ते पहिलं नोबेल.

पेशींना खायला काय घालायचं?

कॅरेल यांचं लक्ष मात्र तोवर दुसऱ्याच प्रश्नाकडे वळलं होतं. शरीरातून काढलेला तुकडा बाहेर किती दिवस जगवता येईल?

याची सुरुवात त्यांची नव्हती. रॉस हॅरिसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातला मज्जातंतूचा तुकडा काचेवर, लसिकेच्या थेंबात ठेवला होता आणि त्यातून तंतू वाढताना पाहिला होता. हे शिकून घेण्यासाठी रॉकफेलरमधले मॉन्ट्रोज बरोज १९१० मध्ये हॅरिसन यांच्याकडे येल विद्यापीठात गेले. तिथे बरोज यांनी बेडकाच्या लसिकेऐवजी कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा वापरून पाहिला. प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी काढून टाकल्यावर उरणारा पिवळसर द्रव. तो दह्यासारखा विरजतो, त्यात पेशींना पाय रोवायला जागा मिळते आणि खाणंही मिळतं.

बरोज परत आल्यावर दोघांनी सपाटा लावला. कोंबडी, कुत्रा, मांजर, उंदीर, अगदी माणसाच्या गाठीचे तुकडेसुद्धा त्यांनी काचेत वाढवले. अडचण एकच होती. काही दिवस गेले की पेशींची वाढ थांबायची.

कॅरेल यांनी दोन उपाय केले. पहिला म्हणजे तुकडा ठरावीक दिवसांनी धुऊन ताज्या प्लाझ्मात हलवायचा. दुसरा उपाय १९१३ मध्ये जाहीर झाला आणि तोच निर्णायक ठरला. कोंबडीचे कोवळे गर्भ वाटून त्यांचा रस काढायचा आणि तो प्लाझ्मात मिसळायचा. या रसानं पेशींची वाढ कितीतरी पटींनी वाढली.

रसात नेमकं काय होतं? ते कुणालाच सांगता येत नव्हतं. काहीतरी होतं आणि ते काम करत होतं.

१७ जानेवारी १९१२ ला ठेवलेला हृदयाचा कण याच खाण्यावर वाढला. सुरुवातीला तो चक्क धडधडत होता. काही महिन्यांनी धडधड थांबली आणि उरल्या त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे शरीरातल्या ऊती एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या पेशी. वर्तमानपत्रांनी मात्र त्याला कोंबडीचं अमर हृदय म्हणणं सोडलं नाही. दर जानेवारीत त्याच्या वाढदिवसाच्या बातम्या यायच्या.

काळे झगे आणि गुपिताचं वलय

या पेशींची रोजची उस्तवार अल्बर्ट इबलिंग हे सहकारी करत. पहिल्या महायुद्धात कॅरेल फ्रान्सला गेले तेव्हाही इबलिंग यांनी पेशी सांभाळल्या. तिकडे युद्धावरच्या इस्पितळात कॅरेल यांनी हेन्री डेकिन यांच्यासह सडलेल्या जखमा सौम्य हायपोक्लोराइटनं सतत धुण्याची पद्धत बसवली. जंतुनाशक गोळ्या-इंजेक्शनं नसलेल्या त्या काळात तिनं कित्येक सैनिकांचे हातपाय वाचवले.

न्यूयॉर्कची प्रयोगशाळा बघण्यासारखी होती. भिंती गडद आणि माणसं काळ्या झग्यात, डोक्यावर काळी टोपरी. प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यांवर येऊ नये आणि धुळीचा कण दिसावा, हे कारण होतं. पण त्यामुळे पेशी वाढवणं म्हणजे निवडक लोकांनाच जमणारी विद्या, असा समज पसरला. इतरांनी तसाच प्रयोग केला आणि पेशी मेल्या, तर दोष त्यांच्याच हाताला दिला जायचा. नोबेल मिळवलेला माणूस चुकत असेल, असं म्हणायची हिंमत कुणाची होणार?

लोखंड हवं, पण मोकळं नको

आता त्या रसाकडे परत येऊ.

वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला लोह लागतं. विभागण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्या प्रतीसाठी लागणारे सुटे भाग बनवणारं एन्झाइम लोहाशिवाय चालत नाही. पेशीतलं ऊर्जेचं कामही लोहावर अवलंबून आहे. लोह नाही, तर वाढ नाही.

मग खाण्यात लोखंडाचे क्षार टाकले की झालं? नाही. मोकळ्या लोहाचे दोन त्रास आहेत. पाण्यात आणि हवेत ते गंजासारखं होऊन तळाशी बसतं, पेशीला मिळतच नाही. आणि जे विरघळलेलं राहतं ते ऑक्सिजनशी झालेल्या क्रियांमधून असे जहाल रेणू तयार करतं, की ते पेशीचं आवरण आणि डीएनए दोन्ही फाडतात. म्हणजे तेच लोह उपयोगाचंही आणि विषारीही.

शरीरानं यावर काढलेला तोडगा म्हणजे ट्रान्सफरिन. हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होतं. त्याच्या एका रेणूत लोहाचे दोन अणू बसतात, दोन पुडांच्या डब्यासारखे. एकदा बसले की इतके घट्ट, की वाटेत सांडत नाहीत आणि कुणाला इजा करत नाहीत.

मुंबईचा डबेवाला आठवा. भरलेला डबा ठरलेल्या दारातच पोचतो आणि रिकामा डबा परत येतो. पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफरिन ओळखणारे ग्राहक-रेणू असतात, तेच हे ठरलेलं दार. लोह भरलेलं ट्रान्सफरिन तिथे चिकटलं की पेशी ते एका छोट्या पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतलं आम्लाचं प्रमाण वाढतं, तसं ट्रान्सफरिन लोह सोडून देतं. रिकामं झालेलं प्रथिन पुन्हा पृष्ठभागावर येतं, बाहेर सुटतं आणि पुढच्या खेपेला निघतं. एक फेरी काही मिनिटांत पूर्ण होते. डबा तोच राहतो, खेपा अनेक होतात. म्हणूनच हे प्रथिन थोडं असलं तरी पुरतं.

कॅरेल यांच्या प्लाझ्मात हे प्रथिन होतं आणि गर्भाच्या रसातही होतं. प्रयोगशाळेत शेजारीच पडलेल्या अंड्यांच्या पांढऱ्या बलकातसुद्धा त्याचंच भावंड होतं, ओव्होट्रान्सफरिन.

शेवटची काळी वर्षं

१९३० च्या दशकात अटलांटिक महासागर विमानानं एकट्यानं ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग कॅरेल यांच्यासोबत काम करायला आले. दोघांनी १९३५ मध्ये काचेचा पंप जाहीर केला. त्यात मांजराची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवता येत होती.

पण त्याच वर्षी कॅरेल यांचं एक पुस्तक आलं, मानवाच्या स्वरूपावरचं. ते प्रचंड खपलं. श्रेष्ठ वंशाची निपज वाढवावी आणि दुबळ्यांची रोखावी, असा विचार त्यात होता. गंभीर गुन्हेगारांना आणि काही मनोरुग्णांना वायूनं मारावं, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी नाझी सरकारच्या त्या दिशेनं चाललेल्या उपायांची भलामणही केली. पुढच्या काही वर्षांत जर्मनीत जे घडलं, ते पाहता हा डाग पुसता येण्यासारखा नाही.

१९३९ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधून ते निवृत्त झाले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या पेताँ सरकारनं १९४१ मध्ये त्यांच्यासाठी एक संस्था काढून दिली. पॅरिस मुक्त झाल्यावर त्यांच्यावर शत्रूला साथ दिल्याचे आरोप झाले. खटला उभा राहण्याआधीच, ५ नोव्हेंबर १९४४ ला ते वारले. लिऑनमधल्या वैद्यकीय विद्याशाखेला दिलेलं त्यांचं नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आलं.

रसातलं गुपित आणि रसातला घोळ

१९४४ मध्येच आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या अमेरिकी संशोधकांनी एक गोष्ट दाखवली. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात जंतू वाढत नाहीत, कारण त्यातलं एक प्रथिन सगळं लोह धरून ठेवतं. जंतूंची उपासमार होते. १९४६ मध्ये दोघांना तसंच प्रथिन माणसाच्या प्लाझ्मात सापडलं. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी त्याला ट्रान्सफरिन हे नाव दिलं.

म्हणजे ज्या १९४६ मध्ये कोंबडीच्या पेशी अखेर टाकून देण्यात आल्या, त्याच वर्षी रक्तातला लोहाचा डबा सापडला.

अमरत्वाचं काय झालं? १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधले लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं, की माणसाच्या सामान्य पेशी काचेत साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. कितीही चांगलं खायला घाला, त्या पुढे जात नाहीत. हा निबंध त्यांनी आधी रॉकफेलरशीच जोडलेल्या नियतकालिकाकडे पाठवला होता. तिथे तो नाकारला गेला. पेशी अमर असतात हे तोवर इतकं पक्कं झालं होतं.

मग कॅरेल यांच्या पेशी ३४ वर्षं जगल्या कशा? तसा प्रयोग पुन्हा कुणालाही जमला नाही. सगळ्यात पटणारं उत्तर त्या रसातच आहे. कोंबडीचे गर्भ वाटून आणि यंत्रात फिरवून रस काढताना काही जिवंत पेशी त्यात राहून जात. दर खेपेला खाण्याबरोबर नव्या पेशीही बाटलीत पडत. जुन्या मरत होत्या, नव्या त्यांची जागा घेत होत्या आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटत होतं, की त्याच पेशी जगताहेत. हे नकळत झालं की कुणी जाणूनबुजून केलं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

म्हणजे तोच रस पेशींना खरोखर वाढवतही होता आणि सगळ्यांची फसगतही करत होता. त्यात काय काय आहे हे माहीत नसल्यामुळे हे दोन परिणाम वेगळे करायला पन्नास वर्षं लागली.

रसाऐवजी यादी

हा धडा घेतला गेला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातले गॉर्डन सातो आणि त्यांचे सहकारी इझुमी हायाशी यांनी उंदराच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीतल्या पेशी सीरमशिवाय वाढवून दाखवल्या. सीरमच्या जागी त्यांनी मोजूनमापून काही हार्मोन घातले आणि त्यांच्याबरोबर ट्रान्सफरिन. पुढे इन्सुलिन, ट्रान्सफरिन आणि सेलेनियम हे त्रिकूट जगभरच्या प्रयोगशाळांत इतकं रुळलं, की ते तयार मिश्रण म्हणून विकत मिळतं. एका मिलिलिटर द्रावात ट्रान्सफरिनचे पाच-दहा मायक्रोग्रॅम साधारणपणे पुरतात.

आणि कॅरेल यांचा तो रस? १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी कोंबडीच्या गर्भाच्या रसातून स्नायूंच्या पेशी वाढवणारा घटक वेगळा केला. तो निघाला ट्रान्सफरिन. कोंबडीच्या स्नायूपेशींना तो अत्यावश्यक होता आणि तोही पक्ष्याचाच लागत होता, सस्तन प्राण्याचं ट्रान्सफरिन त्यांना चालत नव्हतं. कॅरेल यांनी रस जाहीर केल्यानंतर ६९ वर्षांनी त्यातल्या एका मोठ्या गुपिताला नाव मिळालं.

हे महत्त्वाचं का? आज लशी, कॅन्सरवरची अँटिबॉडी औषधं, मांस न कापता तयार केलेलं मांस, सगळं काचेत वाढवलेल्या पेशींवर उभं आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात देशभरच्या संशोधकांसाठी पेशी जपून ठेवलेल्या असतात. अशा कामात गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं सीरम अजूनही वापरलं जातं. पण ते दर बॅचला बदलतं, महाग असतं, त्यातून रोगजंतू येण्याची भीती असते आणि त्यासाठी न जन्मलेल्या वासराचा जीव जातो. म्हणून शक्य तिथे सीरम काढून त्याच्या जागी ठरावीक घटकांची यादी वापरण्याकडे कल आहे. ट्रान्सफरिनही आता रक्तातून न काढता यीस्ट किंवा तांदळासारख्या माध्यमातून तयार करता येतं. काही ठिकाणी लोह धरून ठेवणारी साधी रसायनं त्याचं काम करतात.

कॅरेल यांनी शिवलेला टाका आजही प्रत्येक प्रत्यारोपणात उपयोगी पडतो, कारण तो कुणालाही शिकता येतो आणि तपासता येतो. त्यांच्या अमर पेशी मात्र त्यांच्याच खोलीत जगल्या. ज्या रसावर त्यांनी एवढा मोठा दावा उभा केला, त्याच्या बाटलीवर लिहायला त्यांच्याकडे घटकांची यादी नव्हती. ती यादी पुढच्या लोकांनी एकेक नाव शोधून भरली आणि त्यात वरच्या क्रमांकावर आलं रक्तातून लोह वाहून नेणारं ट्रान्सफरिन.